बार्टोश मैदानाची पाटी

केलर्टन कॉलेजातून फोन आला तेव्हा ड्वेन हॅकेट एका विधवा बाईंच्या तळघरात उताणा पडून त्यांची घर गरम ठेवायची भट्टी दुरुस्त करत होता. ओहायोतल्या लोकांना आपल्या घरची भट्टी आठवते ती सप्टेंबरात, पहिल्या गारव्याची चाहूल लागली की. या दिवसांत ड्वेनला मान वर करायला फुरसत नसे. तरी कॉलेजचं नाव बघून त्याने पाना खाली ठेवला.

फोन पॉला रेन्शॉचा होता. कॉलेजच्या खेळ विभागाची ती प्रमुख.

"मिस्टर हॅकेट, आनंदाची बातमी आहे. फुटबॉलच्या सरावाच्या मैदानाला आपण कोच बार्टोशचं नाव देतोय. ऑक्टोबरात, माजी विद्यार्थी जमतात त्या शनिवारी. आणि पाच मिनिटं तुम्ही बोलायचं. नाही म्हणायचं नाही हं. त्यांना तुमच्याइतकं कोण ओळखतं?"

"कोचना कळवलंत?"

"पत्र टाकलंय. पाटीवरचा मजकूरसुद्धा सोबत जोडलाय. तुम्हालाही पाठवते."

ड्वेनने तो मजकूर गाडीत बसून वाचला. लिहिलं होतं, की एमिल बार्टोश हे १९७० ते २००३ अशी तेहतीस वर्षं केलर्टनचे सहायक कोच होते. देशभर खेळाडूंना सरावात पाण्याचा थेंब मिळत नसे, त्या काळात त्यांनी या मैदानावर पाण्यासाठी सराव थांबवण्याची प्रथा सुरू केली. खेळाडूंच्या जिवाची काळजी घेण्यात ते काळाच्या पुढे होते.

ड्वेनला आधी हसूच आलं. बार्टोश, आणि काळाच्या पुढे! निवृत्त होईस्तोवर या माणसाला फोनवर निरोप ठेवायला जमलं नव्हतं. यंत्रातला आवाज संपला की तो फोनला शिव्या द्यायचा आणि त्या तेवढ्या निरोपात ऐकू यायच्या. पण हसू फार टिकलं नाही. कारण ते शब्द ड्वेनच्या ओळखीचे होते. ते त्याचेच होते. बार्टोशच्या निरोपाच्या जेवणात, नऊ वर्षांपूर्वी, तीनशे माणसांसमोर ग्लास उंचावून तोच हे बोलला होता.

बोलताना त्याने गोष्टीचा पहिला अर्धा भाग गाळला होता. तो भाग असा होता.

१९७६ चा ऑगस्ट. ड्वेन अठरा वर्षांचा, सव्वाशे किलोचा, पोलाद गिरणीच्या गावातून आलेला पोरगा. घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला पहिलाच. फुटबॉलच्या, म्हणजे हेल्मेट घालून आदळाआदळ करायच्या अमेरिकन फुटबॉलच्या, शिष्यवृत्तीवर आला होता. वर्ग सुरू व्हायच्या आधी दोन आठवडे सरावाचं शिबिर असायचं: सकाळी तीन तास, दुपारी तीन तास, डोक्यावर हेल्मेट, खांद्यावर पॅड, आणि पाणी नाही. पाणी प्यायलं की पोरं मऊ पडतात, असं तेव्हा सगळे कोच मानत. हेड कोच ग्रेडी ल्यूटन तर म्हणायचा, तहान लागणं हा स्वभावाचा दोष आहे.

बार्टोशच्या ताब्यात असायची मधली फळी. म्हणजे अंगापिंडाने दांडगी पोरं, जी चेंडूला कधी हात लावत नाहीत, नुसती समोरच्याला रेटतात. त्यांच्यासाठी एक लोखंडी ढकलगाडी होती, पाच गाद्या लावलेली. बार्टोश स्वतः तिच्यावर चढून उभा राहायचा आणि पोरांनी ती त्याच्यासकट रेटत मैदानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत न्यायची. वरून त्याच्या तोंडाचा पट्टा चालू. "हॅकेट, तुझ्या आजीने यापेक्षा जोरात शिवणयंत्र ढकललं असेल!"

तिसऱ्या दिवशी दुपारी ऊन मी म्हणत होतं. गाडीच्या चौथ्या फेरीला ड्वेनला समोरची गादी एकाची दोन दिसायला लागली. पुढचं त्याला काही आठवत नाही. तो उभाच्या उभा कोसळला. दवाखान्यात नेलं तेव्हा अंगातला ताप एकशे आठ होता आणि अंग कोरडं; उष्माघातात घाम येणं थांबतं. दोन दिवस शुद्ध नव्हती. मूत्रपिंडं बंद पडत पडत वाचली. नऊ दिवसांनी तो घरी गेला, तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं की पोरगा नशीबवान आहे, पण पुन्हा हेल्मेट घालायचं नाही.

त्याची आई आयरीन पहिल्याच रात्री बस पकडून आली आणि खाटेशेजारी बसली. तिसऱ्या दिवशी बार्टोश खोलीच्या दारात आला. हातात टोपी. तो काय बोलला ते ड्वेनने पुढे नर्सकडून ऐकलं. "मॅडम, मी बघत होतो. त्याचा घाम थांबलेला मला दिसला होता. मला वाटलं, अंग चोरतोय." आयरीनने हातातली पर्स फिरवली ती थेट त्याच्या तोंडावर. त्याचा ओठ फाटला. तो खाली गेला. पण दवाखाना सोडून गेला नाही. पुढचे सहा दिवस सराव संपला की तो दवाखान्याच्या आवारात आपल्या मोटारीत बसून राहायचा. आयरीनला वरच्या खिडकीतून ती मोटार दिसायची आणि ती पडदा ओढून घ्यायची.

ल्यूटनने आयरीनला पत्र लिहिलं, की मुलाच्या प्रकृतीतच काही खोट होती. शिष्यवृत्तीबद्दल तो गप्प राहिला. बार्टोश गप्प राहिला नाही. तो कुठे कुठे जाऊन कोणाशी काय बोलला ते ड्वेनला कधी कळलं नाही, पण सप्टेंबरात त्याची जागा कॉलेजात होती तशी होती. पहिल्याच आठवड्यात बार्टोशने त्याला वर्गाबाहेर गाठलं आणि खिशातून एक शिट्टी काढून त्याच्या तळहातावर ठेवली.

"उद्यापासून मैदानावर यायचं. कडेला उभं राहायचं. पोरांच्या तोंडाकडे बघायचं. पाणी पाहिजे असं तुला वाटलं की वाजवायची."

"कधी वाजवू?"

"मला विचारू नकोस. मला कळत नाही, हे सिद्ध झालंय."

ड्वेनने चार दिवस शिट्टी नुसती मुठीत धरली. पाचव्या दिवशी त्याच्याच खोलीत राहणारा टर्क नावाचा पोरगा गुडघ्यावर हात टेकून उभा राहिला, आणि ड्वेनच्या हातून ती वाजली. अख्खं मैदान थांबलं. ल्यूटन पलीकडच्या टोकाकडून तरातरा चालत आला.

"कोणी वाजवली?"

"मी दिलीय त्याला," बार्टोश म्हणाला.

"सराव कोणाचा आहे, एमिल?"

"तुझा. पोरं मात्र त्यांच्या आयांची आहेत. एका आईला मी भेटून आलोय. दुसरीला भेटायची माझी तयारी नाही." त्याच्या ओठावरची खपली अजून पडायची होती.

ड्वेनने ती शिट्टी चार वर्षं सांभाळली. त्यानंतर दरवर्षी कोणा ना कोणा विद्यार्थ्याकडे ती असायची. ल्यूटन गेला, त्याच्यामागून आणखी तीन हेड कोच आले आणि गेले. येणारा प्रत्येक जण आपापली माणसं घेऊन यायचा, जुन्यांना नारळ द्यायचा, आणि बार्टोशला मात्र ठेवून घ्यायचा. त्याला कोणी कधी हेड कोच केलं नाही. गावात गंमतीने म्हणायचे, बार्टोश इमारतीबरोबरच येतो.

हा सगळा पहिला भाग ड्वेनने जेवणाच्या त्या भाषणात सांगितला नव्हता. मुद्दाम लपवला असंही नाही. बार्टोशची बायको लुडमिला पुढच्याच टेबलावर नवी केशरचना करून बसली होती. तिच्यासमोर ते सांगायला जीभ रेटली नाही. मग ती गोष्ट तशीच अर्धी पुढे गेली. वर्तमानपत्रात आली, कॉलेजच्या मासिकात आली, आणि आता काशाच्या पाटीवर चढायला निघाली होती.

शनिवारी तो बार्टोशचं अभिनंदन करायला गेला. ऐंशी वर्षांचा बार्टोश गॅरेजचं दार वर करून आत बसला होता आणि अंगणातल्या खुर्च्यांच्या तुटलेल्या पट्ट्या नव्याने विणत होता. गल्लीतल्या सगळ्यांच्या खुर्च्या त्याच्याकडे यायच्या. एका कानाने तो ठार बहिरा झाला होता, त्यामुळे बोलणाऱ्याला कुठल्या बाजूला बसायचं ते तोच दाखवायचा.

"इकडे. हां. पाच मिनिटं बोलणार आहेस म्हणे?"

"हो, कोच."

"काय बोलणार?"

"शिट्टीचं सांगेन."

"आणि शिट्टीच्या आधीचं?"

ड्वेनने पट्ट्यांचं गुंडाळं उचलून त्याच्या हातात दिलं.

"त्या दिवशी जेवणातही तू हेच केलंस," बार्टोश म्हणाला. "लोक टाळ्या पिटत होते आणि मला टेबलाखाली शिरावंसं वाटत होतं. लुडमिला खूश होती म्हणून तोंड शिवून बसलो. आता ती नाही. आता मी कोणासाठी गप्प बसू? हे वाच. काळाच्या पुढे! मी काळाच्या पुढे होतो तर तू दवाखान्यात काय सहलीला गेला होतास?"

"तेव्हा सगळेच तसं करायचे, कोच."

"सगळ्यांनी तुला पाडलं नाही. मी पाडलं."

"माझ्या मनात राग नाही."

"तुझ्या मनात राग नाही हे तुझ्या तब्येतीला चांगलं आहे. त्याने माझं काय बदलतं?" बार्टोशने पट्टी इतक्या जोरात ओढली की खुर्ची कुरकुरली. "तू माझ्यावर माया करतोस, हॅकेट. चांगली गोष्ट आहे. पण मायेपायी तू मला खोट्यात पाडलंयस. पाटीवर खरं लिहा, नाहीतर मैदानाला ल्यूटनच्या कुत्र्याचं नाव द्या. तो कुत्रा तरी कोणाला चावला नव्हता."

ड्वेन वाटभर धुमसत घरी आला. इतकं केलं या माणसासाठी आणि वर बोलणी खायची! पण रात्री जेवताना बायको लोरेटाला सगळं सांगता सांगता त्याचाच आवाज बारीक होत गेला. लोरेटा म्हणाली, "म्हणजे चूक त्यांनी केली आणि कबूलही केली, ती तू त्यांच्याकडून चोरलीस."

सोमवारी त्याने पॉलाला फोन केला. ती ऐकून घेत राहिली, मग म्हणाली, "मिस्टर हॅकेट, खरं सांगू? मला हे पटतंय. पण कॉलेजचे वकील पाटीवर असलं काही येऊ देणार नाहीत. आणि तुमच्या घरच्यांचं काय म्हणणं आहे? उद्या कोणी म्हणालं की जखमेवरची खपली काढली..."

घरच्यांचं म्हणजे आयरीनचं. तिला ड्वेनने यातलं काहीच सांगितलं नव्हतं. छत्तीस वर्षांत तिच्या घरात बार्टोशचं नाव निघालेलं नव्हतं. ड्वेन चार वर्षं त्याच्याच मैदानावर उभा राहायचा हे तिला ठाऊक होतं, ती फक्त म्हणायची, "तुझ्या त्या खेळाचं मला सांगू नकोस." ड्वेनच्या लग्नात बार्टोश आला तेव्हा ती चर्चच्या दुसऱ्या दाराने बाहेर पडली होती.

रविवारी तो तिच्याकडे जेवायला गेला. चौऱ्याऐंशी वर्षांची आयरीन अजून एकटी राहायची आणि रविवारी खिम्याचा मीटलोफ स्वतः भाजायची. ताटाशेजारी वर्तमानपत्राचं कात्रण घडी करून ठेवलेलं होतं.

"हे मला शेजारणीने आणून द्यावं लागलं," ती म्हणाली. "त्या माणसाच्या नावाचं मैदान. आणि भाषण कोण करणार, तर माझा मुलगा. बटाटे घे."

"आई, ऐक तरी."

"काळाच्या पुढे म्हणे! मी नऊ दिवस तुझ्या पायाचा अंगठा धरून बसले होते. तो गरम लागतोय की गार, एवढंच बघत. मला नको सांगू काळ."

"तेही हेच म्हणतायत."

"कोण?"

"कोच. ते म्हणतात हे खोटं आहे. खरं लिहिणार नसाल तर माझं नाव नको, म्हणतात."

आयरीनचा काटा ताटावर थांबला. "असं म्हणाला तो?"

"हो. वर म्हणाले, 'सगळ्यांनी नाही, मी पाडलं.' मलाच झाडलं, अर्धी गोष्ट सांगितली म्हणून."

आयरीनने काटा खाली ठेवला. मग उठली, हात पुसले, आणि खुंटीवरचा कोट काढला. "चल."

"आता? आई, जेवण..."

"जेवण पळून जात नाही. चौऱ्याऐंशी वर्षांच्या बाईचा भरवसा नाही."

तासाभराचा रस्ता.  आयरीन मांडीवर पर्स घट्ट धरून बसली होती, आणि ड्वेनला सारखी त्या पर्सचीच धास्ती वाटत होती.

बार्टोश गॅरेजमध्येच होता. गाडीतून कोण उतरतंय ते बघून तो खुर्चीच्या दांड्याला धरून उभा राहिला. डोक्यावरची टोपी काढली. आयरीन पर्ससकट त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. ड्वेनला वाटलं, आपण मध्ये उभं राहावं, पण कोणाला वाचवायला ते ठरेना.

"मिसेस हॅकेट," बार्टोश म्हणाला. "बसा. ही पक्की आहे, कालच विणलीय."

"बसायला नाही आले मी," असं म्हणून आयरीन बसली. "तुम्ही त्या दिवशी मला काय म्हणाला होतात, ते पुन्हा म्हणा."

"आई..."

"तू गप्प रहा. तू तेव्हा बेशुद्ध होतास."

बार्टोशने चांगला कान तिच्याकडे केला, आणि तिने पुन्हा तेच म्हटलं. मग तो हळू बोलला. "मी म्हणालो, की मी बघत होतो. घाम थांबलेला मला दिसला होता. मला वाटलं, अंग चोरतोय."

"इतकी वर्षं मला वाटत आलं, की तुम्ही माझ्या पोराला कामचुकार म्हणायला आला होतात."

बार्टोशचा चेहरा पडला. "नाही हो! नाही. मला सांगायचं होतं, की मला दिसलं होतं. दिसूनही मी थांबवलं नाही. कोणी तुम्हाला सांगितलं असतं की कोणालाच कळलं नाही, तर ते खोटं झालं असतं. एवढंच. मला बोलता येत नाही. मी तेहतीस वर्षं पोरांवर ओरडून पोट भरलंय."

"ल्यूटनने मला पत्र लिहिलं. खोट पोरात होती म्हणून."

"माहिती आहे. त्यावरून आम्ही दोन वर्षं एकमेकांशी धड बोलत नव्हतो."

आयरीन पर्सची कडी उघडझाप करत राहिली. मग ती बोलली ती बार्टोशशी नव्हती आणि ड्वेनशीही नव्हती. जमिनीवर पडलेल्या पट्ट्यांच्या तुकड्यांशी बोलल्यासारखं बोलली.

"आदल्या संध्याकाळी याचा फोन आला होता. म्हणाला, आई, मला घरी यायचंय, इथे जीव जातोय. मी म्हटलं, हॅकेटांच्या घरातलं कोणी अर्ध्यावरून परत येत नाही. तुझा बाप गिरणीत याहून वाईट सोसतो. असं म्हणून मीच फोन ठेवला."

ड्वेनला तो फोन अजिबात आठवत नव्हता. वसतिगृहाच्या जिन्याखालचा फोन, रांगेत उभी पोरं, एवढं आठवत होतं. आपण काय बोललो ते नाही. आणि ही बाई गेली छत्तीस वर्षं तो फोन रोज ठेवत होती. तो खाली वाकला आणि तिचा हात धरायला गेला.

"सोड," ती म्हणाली. "मला रडवू नकोस याच्यासमोर."

बार्टोशने आपली खुर्ची तिच्याजवळ ओढली. मग म्हणाला, "मिसेस हॅकेट, तुम्ही मुलाला टिकून रहा म्हणालात, कारण तुम्हाला वाटलं, तिथे त्याच्याकडे बघणारं कोणीतरी आहे. तसं कोणीतरी असायला हवं होतं. तो पगार मी घेत होतो. हे तुमच्याकडे नाही येत. हे माझ्याकडेच राहू द्या."

आयरीनने रुमाल काढून नाक पुसलं. बार्टोशने आत जाऊन कॉफी केली. ती इतकी वाईट होती की आयरीनने एक घोट घेऊन कप शांतपणे जमिनीवर ठेवला आणि म्हणाली, "तुमची बायको वारल्याचं मला कळलं होतं. पत्र पाठवणार होते. नाही पाठवलं." मग पर्समधून पेन काढून ड्वेनच्या हातात दिलं. "लिही. पाटीवर काय पाहिजे ते मी सांगते."

त्या दोघांनी मिळून मजकूर केला, आणि तो करताना पाऊण तास भांडले. बार्टोशला 'निष्काळजीपणा' हा शब्द हवा होता. आयरीन म्हणाली, पाटीवर स्वतःलाच झोडपायचं असेल तर चर्चमध्ये जा. तिला 'जवळजवळ मेला' हवं होतं. ड्वेन म्हणाला, मी अजून उभा आहे, जरा सौम्य करा. दोघांनीही त्याला गप्प केलं.

कॉलेजचे वकील अपेक्षेप्रमाणे नाही म्हणाले. मग आयरीनने कॉलेजच्या अध्यक्षांना फोन लावला. तो संवाद ड्वेनने तिच्या स्वयंपाकघरात उभं राहून ऐकला. तिने आवाज चढवला नाही. एवढंच विचारलं, की १९७६ साली तुमच्या कॉलेजने मला जे पत्र पाठवलं ते मी जपून ठेवलंय. ते वर्तमानपत्राला द्यावं की पाटीवर आम्ही लिहिलंय ते लावाल? दुसऱ्या दिवशी पॉलाचा फोन आला. "मिस्टर हॅकेट, तुमच्या आईला खेळ विभागात नोकरी हवी आहे का हो?"

ऑक्टोबरातल्या त्या शनिवारी मेपलची झाडं लाल झाली होती आणि मैदानाच्या कडेला दीडदोनशे माणसं जमली होती. त्यात तीसेक जण बार्टोशच्या फळीतले, एकेकाचं पोट आता ढकलगाडीएवढं. टर्क इंडियानाहून आला होता. पाटीवरचा पडदा बाजूला झाला आणि पॉलाने ती वाचून दाखवली:

"ऑगस्ट १९७६ मध्ये या मैदानावर, सहायक कोच एमिल बार्टोश यांच्या देखरेखीखाली, ड्वेन हॅकेट हा अठरा वर्षांचा खेळाडू उष्माघाताने जवळजवळ मरण पावला. बार्टोश यांनी दोष स्वतःकडे घेतला. त्यानंतर सत्तावीस वर्षं त्यांच्या प्रत्येक सरावात एका विद्यार्थ्याच्या हाती शिट्टी असे, आणि ती वाजली की सगळे थांबत. त्यांच्या हाताखाली पुन्हा कोणी कोसळलं नाही."

टाळ्या लगेच पडल्या नाहीत. लोक एकमेकांकडे बघत होते. ड्वेन बोलायला उभा राहिला आणि त्याला तयार केलेलं भाषण आठवेना. तो म्हणाला, "नऊ वर्षांपूर्वी मी तुम्हाला यांची अर्धी गोष्ट सांगितली. मला वाटायचं, पूर्ण सांगितली तर तुम्हाला हे कमी आवडतील. मला स्वतःला पूर्ण माहिती होती आणि मला हे कधीच कमी आवडले नाहीत. मग तुमच्यावर मी भरवसा का ठेवला नाही, कोण जाणे." एवढं बोलून तो थांबला. पाच मिनिटांतलं एक मिनिटही झालं नव्हतं. मागून टर्क ओरडला, "बस कर, हॅकेट, तुझ्या आजीने यापेक्षा बरं भाषण केलं असतं!" आणि मग सगळे हसले, आणि मग टाळ्या वाजल्या, त्या बराच वेळ थांबल्या नाहीत. बार्टोश मान खाली घालून उभा होता आणि टोपीची कड बोटांनी फिरवत होता.

दुपारी सामना होता. ड्वेनला वाटलं, आई आता घरी चल म्हणेल. पण तिच्या गुडघ्यांवर कोणीतरी घोंगडी टाकली होती आणि ती बार्टोशच्या चांगल्या कानाच्या बाजूला बसली होती. आयुष्यात तिने फुटबॉलचा एकही सामना पाहिलेला नव्हता.

"मला यातलं काही कळत नाही," ती म्हणाली. "चेंडू कुठे जातो तेच दिसत नाही."

"चेंडूकडे बघूच नका," बार्टोश म्हणाला. "चेंडूकडे सगळेच बघतात. ती मधली पाच जाडी पोरं दिसतायत? वाकून उभी आहेत ती? त्यांच्याकडे बघा. खेळ तिथे आहे."

आयरीन डोळे बारीक करून बघत राहिली. शिट्टी झाली, गर्दी उसळली, माणसं एकमेकांवर आदळली आणि पुन्हा उठून ओळीत उभी राहिली.

"यातला ड्वेन कोणता झाला असता?"

बार्टोशने क्षणभरही विचार केला नाही. "मधल्याच्या डावीकडचा. चौसष्ट नंबरवाला. तीच जागा होती त्याची. पाय चांगले होते पोराचे."

ड्वेन मागच्या ओळीत, त्यांच्या डोक्यांच्या मधून मैदान बघत होता. त्याच्या पायांबद्दल कोचच्या तोंडून चांगला शब्द त्याने आयुष्यात पहिल्यांदाच ऐकला.

त्यानंतर आयरीनने दुसऱ्या कोणाकडे बघितलं नाही. चौसष्ट नंबर पडला की ती जागच्या जागी अर्धी उठायची. तो उठला की बसायची. तिसऱ्या सत्रात त्याने समोरच्या दांडग्या पोराला सरळ उचलून बाजूला सारलं आणि पंचाने त्यालाच फाउल दिला, तेव्हा तिने घोंगडी फेकून दिली आणि इतक्या मोठ्याने ओरडली की पुढच्या दोन रांगा वळून बघायला लागल्या.

"काय झालं?" बार्टोशने विचारलं. "काय म्हणाली ती?"

"काही नाही, कोच," ड्वेन पुढे वाकून म्हणाला. "म्हणतेय, पंचाला दिसत नाही."

"बरोबर आहे तिचं," बार्टोश म्हणाला.